मागून नेलेला विस्तव

रुईखेड्याला नळ येऊन सहा वर्षं झाली, पण तो वेशीच्या बाहेर काही आला नाही. टाकीपासून निघालेला पाइप बाजारातून, मारुतीच्या पारावरून, सरपंचांच्या दारावरून ऐटीत यायचा आणि वेशीपाशी येऊन थांबायचा. वेशीबाहेर बौद्धवाडा होता. पस्तीस घरं. वाड्याचा अर्ज दर साली पंचायतीत जायचा आणि दर साली 'पुढच्या साली बघू' असं उत्तर घेऊन परत यायचा.

यातली गंमत अशी, की अख्ख्या गावाला पाणी पाजणारा माणूस याच वाड्यातला होता. व्हॉलची लांब दांड्याची चावी मुंजाजीच्या हातात. सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला तो टाकीखाली वाकून व्हॉल फिरवायचा तेव्हा कुठं गावातल्या तोट्या खोकायला लागायच्या. सहा वर्षं तो रोजंदारीवर होता. आजारी पडला तर मजुरी बुडाली, सणाला परगावी गेला तर मजुरी बुडाली. त्याची बायको सगुणाबाई मात्र वेशीतल्या शेवटच्या तोटीपाशी घागर घेऊन उभी राहायची. आधी गावातल्या बाया भरणार, मग वाड्यातल्या. कुणी हाकलत नव्हतं, पण 'तू भर' असंही कुणी म्हणत नव्हतं.

सगुणाबाई कडूबाईच्या मळ्यात कामाला होती. कडूबाई म्हणजे सरपंच दिनकररावांची आई. साठी ओलांडलेली, पण सुगीत मुक्काम मळ्यातच टाकायची आणि बायांच्या पुढं पुढं वाकून ज्वारी उपटायची. त्या फाल्गुनात ज्वारी उशिरा हाताशी आली. जमीन उलून कडक झालेली. ताट उपटताना मुळं सुटायची नाहीत आणि तळहाताची कातडी सुटायची. सगुणाबाई हाताला चिंध्या गुंडाळून सकाळपासून दिवस कलेपर्यंत उपटायची. दुपारी कडूबाई तिला झाडाखाली बोलवायची, लोणच्याची फोड वरून भाकरीवर टाकायची आणि दोघी वावभर अंतर ठेवून जेवायच्या.

ते अंतर सगुणाबाईला खुपत नव्हतं असं नाही, पण कडूबाईचं एक देणं तिच्या मनावर होतं. अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या दंगलीत वाड्यावर माणसं चालून आली तेव्हा कडूबाईनं तिला आणि तिच्या चिमुरड्या पोरीला, सत्यशीलाला, दोन रात्री आपल्या गोठ्यात वैरणीमागं लपवलं होतं. वाड्यातली चार घरं जळाली. सगुणाबाईचंही छप्पर गेलं, पण जीव राहिला. तेव्हापासून कडूबाईनं हाक मारली आणि सगुणाबाई गेली नाही, असं झालं नव्हतं.

त्या सालची होळी आठ दिवसांवर आली आणि गावात वेगळीच कुजबुज सुरू झाली. रुईखेड्याची होळी पूर्वी याच वाड्यातल्या विस्तवावर पेटायची. वाड्याची होळी आधी, तिथला विस्तव गावात न्यायचा आणि मग गावची होळी. मान म्हणा, वेठ म्हणा. छप्पन्न साली वाड्यानं धम्म घेतला, होळी सोडली आणि विस्तवही थांबला. इतकी वर्षं गावानं काडी ओढून होळी पेटवली आणि कुणाचं काही अडलं नाही. पण मागच्या सुगीत गारांनी गहू झोडपला, मग जनावरांना रोग आला, आणि देवळातल्या जाणत्यांना एकाएकी जुना विस्तव आठवला. पंचायतीची निवडणूक तोंडावर होती. दिनकरराव चार जाणत्यांना घेऊन वाड्यात आले.

सिताराम काका वाड्यातले वडीलधारे. त्यांनी सगळ्यांना बाज टाकून बसवलं, पाणी विचारलं, ते कुणी घेतलं नाही. दिनकररावांनी गोडीगुलाबीनं विषय काढला. काका शांतपणे म्हणाले, "आमच्यात होळी न्हाई, सरपंच. मग होळीचा इस्तू कुठला आणावा?" पाहुणे गेल्यावर वाड्यानं ठरवलं, की होळीच्या दिवशी गावची होळी पेटेपर्यंत कुणी चूलच पेटवायची नाही. शिळ्यावर भागवायचं. न जाणो, कुणी लेकराबाळाच्या हातून विस्तव मागवला तर. सगुणाबाईनंही मान हलवली. मुंजाजी तिच्या शेजारीच बसला होता, त्यानंही हलवली.

होळीच्या आदल्या दिवशी पहाटे मुंजाजीनं तिला लवकर उठवलं. व्हॉल सोडून आल्याशिवाय चहाचं नाव न काढणारा माणूस, पण त्या दिवशी म्हणाला, अंग कसकस करतंय, चूल पेटव, चहा पिऊनच जातो. तिनं पेटवली. रात्री अवकाळी शिंतोडे पडून गेले होते, पऱ्हाट्या धुरकटत होत्या, फुंकून फुंकून तिचे डोळे लाल झाले. तो घोट घेऊन गेला आणि थोड्याच वेळात दारात कडूबाई उभी राहिली. हातात खापर, खापरात अर्धी गोवरी.

"सगुणा, मळ्यातली चूल इझली बघ. काड्यापेटी सादळली. दूध नासून जायलंय. दोन इंगळ दे."

मळा वाड्याच्या पलीकडंच होता आणि मळ्याला सगळ्यांत जवळची चूल सगुणाबाईचीच. होळी उद्या होती. त्यातून, चुलीचा विस्तव मागायला आलेल्या बाईला कुणी रित्या हातानं पाठवत नाही. ते सगुणाबाईच्या आईनं तिला शिकवलं नव्हतं, आईच्या आईनंही नव्हतं. तिनं चिमट्यानं चांगले रसरशीत इंगळ निवडून गोवरीवर ठेवले. मग धीर करून विचारलं, चहा घेता का. कडूबाई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "दे की. तुझ्या हातचा च्या काय इख हाय व्हय?"

सगुणाबाईला काय करू आणि काय नको असं झालं. कान न तुटलेला कप शोधायला तिनं सगळी फळी उलथीपालथी केली. कडूबाई उंबऱ्याच्या आत बसली, चहा प्याली आणि गेली. सोळा वर्षं तिच्या शेतात राबलेल्या बाईच्या घरात ती पहिल्यांदा काहीतरी तोंडाला लावत होती. सगुणाबाईला हे पोटात ठेवणं जमलंच नाही. पाण्याला गेली तेव्हा शेजारच्या पार्वतीबाईला सांगितलं, झिऱ्यावर धुणं धुताना आणखी दोघींना सांगितलं. दुपारपर्यंत वाड्याला कळलं, की कडूबाई सगुणाच्या घरी चहा पिऊन गेली.

होळीच्या दिवशी वाड्यातून धूर निघाला नाही. लेकरांनी आदल्या रात्रीच्या शिळ्या भाकरी चटणीशी खाल्ल्या, म्हातारी माणसं चहावाचून कुरकुरली. संध्याकाळी मारुतीपुढं हलगी वाजायला लागली. वाड्यातली माणसं वेशीकडं तोंड करून बसली होती, आपण जिंकलो अशा समाधानात. मग होळी पेटली आणि दिनकररावांचा आवाज आला. नळाची दवंडी द्यायच्या कर्ण्यावरून ते सांगत होते, की इतक्या सालांनी गावची होळी जुन्या मानाच्या विस्तवावर पेटली आहे, आणि वाड्यानं मोठ्या मनानं तो दिला आहे. गावानं आरोळी ठोकली. धुळीतून नाचत आलेलं कुणीतरी वेशीतून ओरडलं, "सगुणाच्या चुलीतला हाय!"

कडूबाईनं ते इंगळ चुलीत घातलेच नव्हते. मळ्यात दूध तापवायची मातीची गोरशी होती. तिच्यात गोवऱ्यांवर गोवऱ्या रचून, राखेखाली दाबून, तो विस्तव तिनं दोन दिवस जिवंत ठेवला होता.

वाडा सगुणाबाईच्या दारात जमला. कुणी शिवी दिली नाही. तिला वाटलं, दिली असती तर बरं झालं असतं.

"सगुणा, इस्तू दिलास का?" सिताराम काकांनी विचारलं.

"दिला. काल पहाटं. मळ्यातल्या चुलीसाठी म्हनून."

"आपलं ठरलं व्हतं ना?"

"होळीच्या दिसाचं ठरलं व्हतं, काका. काल होळी नव्हती."

"इस्तवाला दिवस कळत न्हाई, सगुणा," काका म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले. मागोमाग सगळे गेले. पार्वतीबाई तेवढी जाता जाता म्हणाली, की एका कप चहावर इकलीस गं आमाला. सगुणाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. मुंजाजी खाली बघून व्हॉलच्या चावीला तेल लावत होता.

दुसऱ्या दिवशी धुळवड. तोंडं रंगवलेली पोरं रस्त्यात चिखल फेकत होती. त्यांतून वाट काढत ती मळ्यात गेली. कडूबाई खळ्यावर कणसं पसरत होती. सगुणाबाईनं आजवर तिच्यापुढं आवाज चढवला नव्हता. आजही चढवला नाही. एवढंच म्हणाली, "मालकीणबाई, तुमी मला फसवलं."

कडूबाई कंबर धरून सरळ झाली. तिच्या तोंडावर अपराध दिसेल असं सगुणाबाईला वाटलं होतं. तो नव्हता. "फसवलं कामून म्हणतीस? दंगलीत तुला दोन रात्री गोठ्यात ठिवलं. माझ्या दारात माणसं कुऱ्हाडी घेऊन आल्ती. तवा म्या काही मागितलं का तुला? सहा सालांनी दोन इंगळ मागितले तर ते लय झाले?"

"मागितले असते तर न्हाई म्हनले असते. पर खोटं बोलून कामून नेले?"

"आन् मला काय सपान पडलं व्हतं, तुझी चूल किती वाजता पेटायली ते? तुझ्या मालकानंच येळ सांगितली दिनकरला." कडूबाई पुन्हा वाकली आणि कणसं पसरू लागली. "त्याला इचार जा."

सगुणाबाईला घर कसं गाठलं ते कळलं नाही. मुंजाजी जेवत होता. तिनं उभ्या उभ्याच विचारलं. त्यानं घास खाली ठेवला, पण नाकारलं नाही.

"तुला सांगितलं असतं तर दिला असतास का?"

"न्हाई."

"म्हनून न्हाई सांगितलं."

मग त्यानं तिला खाली बसवलं आणि आवाज बारीक करून सांगितलं. दिनकररावांनी शब्द दिला होता, जयंतीच्या आत वाड्यात नळ. सहा साल अर्ज करून जे झालं नाही ते दोन इंगळांत होणार होतं. पण आत्ता बोभाटा झाला तर वाडा तसला नळ घेणार नाही आणि सरपंचही मागं सरतील. महिनाभर कळ काढ, तोटीला पाणी आलं की सगळे विसरतील, म्हणाला. तो बोलत असताना सगुणाबाईच्या मनात राग होता, पण नळाचं नाव निघाल्यावर त्या रागाला कुठं टेकू मिळेना. पोरगी बारा वर्षांची झाली होती. डोक्यावरच्या घागरीनं तिची मान आत्ताच आखडायला लागली होती. नळ कुठं बसणार, एवढंच तिनं विचारलं. त्यानं लिंबाच्या झाडाकडं बोट दाखवलं.

तिनं कळ काढली. ती कशी काढली ते तिचं तिला माहीत. वेशीतल्या तोटीला आधी गावच्या बाया भरायच्या, मग वाड्यातल्या, आणि आता त्या सगळ्यांच्या मागं सगुणाबाई. तिची घागर रांगेत असली तर पुढची बाई ती पायानं बाजूला सारायची. कडूबाईच्या मळ्यात तिनं पाऊल टाकलं नाही. पेडगावच्या रस्त्यानं दोन कोस चालत जाऊन परक्या रानात पऱ्हाट्या उपटल्या. तळहात आधीच सोललेले, पऱ्हाटीच्या खोडानं त्यांतून रक्त यायचं. घरी आली की पोरीला चूल फुंकायला लावायची. तिला स्वतःला विस्तवासमोर बसवत नव्हतं. लिंबाखालची काटेरी झुडपं मात्र तिनं एका दुपारी विळ्यानं साफ केली, चार दगड आणून मांडले, घागरी ठेवायला बरे पडतील म्हणून. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहिलं, कुणी विचारलं नाही.

पाडवा झाला. पाइप काही आले नाहीत. तिनं विचारलं की मुंजाजी म्हणायचा, परभणीहून निघालेत. एकदा म्हणाला, गाडी नादुरुस्त झाली. पुन्हा पुन्हा विचारल्यावर तो चिडू लागला. त्याच्या अंगावर आता नवा खाकी शर्ट होता. पंचायतीनं दिला, म्हणाला. तिनं तो धुऊन वाळत घातला, आणि घालताना तिला बरंच वाटलं. पंचायत शर्ट देते तर नळही देईल.

जयंतीच्या आधी वाड्यात खिरीसाठी घरटी शेरभर गहू गोळा होत होते. सगुणाबाईनं निवडून, पाखडून आपले गहू नेऊन दिले. संध्याकाळी पार्वतीबाईनं ते तिच्या ओट्यावर परत आणून ठेवले. सिताराम काकांचा निरोप होता, की जयंतीच्या दिवशी सगळ्यांपुढं उभं राहून तिनं माफी मागावी, पुन्हा पंचशील घ्यावं, म्हणजे गहूही घेऊ आणि तिलाही घेऊ. ती तयार झाली. तोपर्यंत नळ येईल आणि माफी मागायलाही सोपं जाईल, असा तिचा हिशेब होता.

चौदा एप्रिलला ऊन असं तापलं होतं, की मांडवाच्या कापडाखालीही डोकी उकडत होती. निळ्या पताका, फोटोला हार, गुलालाऐवजी निळीनं रंगलेली पोरं. दुपार उतरल्यावर कार्यक्रम सुरू झाला. नळाच्या अर्जासाठी म्हणून सिताराम काकांनी सरपंचांनाही बोलावलं होतं आणि दिनकरराव पांढऱ्या टोपीत, हातात रुमाल घेऊन आले. सगुणाबाई बायांच्या मागं, मांडवाच्या कडेला, अर्धी उन्हात बसली होती. लिंबाखाली तिनं सकाळीच झाडून घेतलं होतं. पाइप आज येतील, नाहीतर सरपंच निदान तारीख तरी सांगतील, म्हणून तिचे कान तिकडं लागले होते.

काकांनी अर्ज वाचला. दिनकरराव उठले. आधी बाबासाहेबांना वंदन करून झालं, मग म्हणाले, वाड्याच्या नळासाठी या साली तरतूद नाही, पुढच्या साली बघू. अर्ज सोडला तर नळाचं बोलणं आपल्यापाशी कुणी काढलंच नव्हतं, आधी कुणी सांगितलं असतं तर विचार केला असता. पण वाड्यासाठी एक आनंदाची बातमी आहे. होळी झाली त्याच आठवड्यात पंचायतीनं ठराव घेऊन मुंजाजीला नोकरीत कायम केलं आहे. वाड्यातला पहिला कायम माणूस. आता महिन्याच्या महिन्याला पगार.

टाळ्या झाल्या. वाड्याला खरोखरच आनंद झाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी हार आणला, सिताराम काकांनी स्वतःच्या हातानं तो मुंजाजीच्या गळ्यात घातला आणि त्याला पुढच्या खुर्चीवर सरपंचांशेजारी बसवलं. खाकी शर्टावर झेंडूचा हार. सगुणाबाई त्याच्याकडं बघत राहिली. महिनाभर ती ज्याच्यासाठी तोंड शिवून बसली होती तो नळ कधी नव्हताच. लिंबाकडं दाखवलेलं बोट खोटं होतं, परभणीहून निघालेले पाइप खोटे होते, आणि ते सगळं तो तिच्या हातची भाकरी खाता खाता बोलत होता. कडूबाईनं तिला एकदा फसवलं होतं. यानं रोज.

काकांनी तिला हाक मारली. ती पुढं आली, पदर सावरून उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं आठ दिवस घोकलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"इस्तू म्या दिला," ती म्हणाली. "चुकलं माझं. पर कडूबाईनं पहाटं कवा यावं, ते तिला कुणी सांगितलं, ते माझ्या मालकाला इचारा. आन् त्याच्या बदल्यात काय मिळालं, ते त्याच्या गळ्यातच हाय."

मांडवात पंख्यानं वारा घालणारे हातही थांबले. सिताराम काका मुंजाजीकडं वळले. मुंजाजीनं वर पाहिलं नाही. दिनकररावांनी घड्याळ बघितलं, रुमाल खिशात घातला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चल मुंजाजी, पाच वाजायले. पाण्याची येळ झाली." आणि मुंजाजी उठला. हार तसाच गळ्यात. बायकोच्या बाजूनं न जाता मांडवाच्या दुसऱ्या कडेनं तो बाहेर पडला आणि सरपंचांच्या मागं मागं वेशीकडं चालू लागला.

सगुणाबाईला वाटलं, आता काका काहीतरी म्हणतील. पोरी, तुझी काय चूक, असं काहीतरी. काका तिच्या जवळ आले.

"तुला हे कवापासनं ठावं व्हतं?"

"धुळवडीपासनं."

"आन् महिनाभर आमच्यात बसून गप राहिलीस."

"वाड्यात नळ येणार व्हता, काका."

काकांनी तिच्याकडं पाहिलं, मग मान फिरवली. वेशीतल्या तोटीला पाणी आलं, तशा बाया आपापल्या घागरी घ्यायला उठल्या. सगुणाबाई फोटोसमोर उभीच होती. तिला खाली बस म्हणायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.